एमएम ५४० चं गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफ्रन्शियल घरी उघडायचंय: आधी ढिल कुठं आहे ते शोधू

पांदणवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्राची एमएम ५४० जीप, एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, २११२ सीसी, चार गिअर, फोर बाय फोर. ठिकाण वर्धा जिल्हा, समुद्रपूरकडचा भाग. वापर वावर, पांदण आणि बाजार. लक्षणं नेमकी लिहितो:

१) तिसऱ्या गिअरवर उतारात ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर सटकून न्यूट्रलला येतो. चढावर सटकत नाही.
२) क्लच सोडताना आणि पाय काढताना खालून "खट्ट" असा एक ठोका.
३) गिअरबॉक्सचं तेल महिन्याभरात खाली जातं, खाली मात्र थेंब फारसे नाहीत. हॅन्डब्रेकचा ड्रम ओला.
४) ४० च्या आसपास हुंकार. गिअर बदलला तरी सूर तोच, गाडीचा वेग बदलला की सूर बदलतो.

सामान: पूर्ण गोटी पाना (सॉकेट) सेट, दोन बॉटल जॅक, चेन कप्पी, फीलर गेज. डायल गेज तालुक्याच्या लेथवाल्याकडून आणता येईल. पेरणीआधी काम उरकायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

गोटीपाना

भाऊ, चार लक्षणं म्हणजे बहुधा तीन वेगळे आजार आहेत. गिअरबॉक्स लगेच उतरवू नका. या जीपमध्ये "गिअरबॉक्स गेला" म्हणून उतरवलेल्या पेट्यांत बऱ्याचदा दोष पेटीबाहेर निघतो: क्लच पूर्ण न सुटणं, फाटलेली माउंटिंग, झिजलेला क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा). म्हणून आधी अर्धा दिवस फक्त तपासणीला द्या. पाचर लागते ती चाकाखाली आणि पाना लागतो तो लेव्हल प्लगला (तेलाची पातळी पाहायचं बूच), बस.

त्याही आधी एक गोष्ट, जिवाची आहे. या जीपचा हॅन्डब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागच्या शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकने उचललं की डिफ्रन्शियल (ऍक्सलमधली, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरजोडणी) ते चाक मोकळं फिरू देतं आणि हॅन्डब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. मागचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ऍक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) काढला तर मागची चाकं हॅन्डब्रेकला बांधलेलीच राहत नाहीत. जमिनीवर उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी पाचर लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही.

दुसरं, काळी माती. वरून कडक दिसते, पण घोडीचा (गाडी टेकवायच्या स्टँडचा) पाय वजनाखाली खचतो. घोडीखाली निदान दीड इंच जाडीची फळी किंवा जाड फरशी टाका. खड्डा खणून त्यात शिरून काम करू नका, काळ्या मातीची कड सांगून ढासळत नाही.

आता तपासणी. क्रम हाच ठेवा.

क्लच: इंजिन आयडलला, पेडल पूर्ण दाबा, मनात पाच मोजा, मग रिव्हर्स टाका. किरर् आवाज आला तर क्लच ओढतोय किंवा पायलट बेअरिंग (इंजिनच्या टोकाचं, क्लच शाफ्टचं पुढचं टोक पेलणारं) धरतंय. पेडलची मोकळी चाल २० ते २५ मिमी ठेवा. चाल शून्य असेल तर रिलीज बेअरिंग सतत फिरतं आणि जळतं, फार असेल तर क्लच सुटत नाही आणि सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी) विनाकारण घासते.

आवाज: गाडी उभी, न्यूट्रल. पेडल सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर बंद, तर क्लच शाफ्टचं बेअरिंग किंवा काउंटर शाफ्ट (पेटीतला खालचा समांतर शाफ्ट). उलट, दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. चालत्या गाडीत पहिल्या तीन गिअरला आवाज आणि टॉपला शांत, तर काउंटर शाफ्टकडे संशय, कारण टॉपला ताकद सरळ जाते आणि काउंटर शाफ्टवर भार राहत नाही.

तुमचा हुंकार गिअर बदलून बदलत नाही, वेगाने बदलतो. म्हणजे तो गिअरबॉक्सच्या मागून येतो. तेवढा तरी आरोप पेटीवरून काढा.

वऱ्हाडी_ग्रीस

ठोक्यासाठी खडूनं खूण करून पाह्यजा, राजेहो. गाडी सपाट जागी, चाकाले चारही बाजूनं दगड, पहिला गिअर टाकून इंजिन बंद. मंग खाली जाऊन मागचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातानं उलटसुलट फिरवा. कोणता भाग फिरते अन् कोणता थांबते ते डोळ्यानं दिसते:

क्रॉसच्या एका बाजूचा योक (क्रॉस धरणारा दोन कानांचा काटा) फिरला अन् दुसऱ्या बाजूचा तसाच रायला, तं क्रॉस गेला. स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमीजास्त करणारा दातेरी सांधा) दाताजवळ शाफ्ट वरखाली हालला, तं दात झिजले. क्रॉस घट्ट हाये अन् पिनियनचा (डिफ्रन्शियलमधी ताकद नेणारा लहान गिअर) फ्लँजच फिरून राहिला, तं ढिल डिफ्रन्शियलमधी. फ्लँज धरून वर-खाली ओढा, तसा तो हालाच नाई पाह्यजे. हालला तं पिनियन बेअरिंग ढिलं, हुंकार तिथूनच येते.

अन् फ्लँज थोडा फिरला म्हणून लगेच डिफ्रन्शियल उघडू नोका. ऍक्सलचा रेशो पाचच्या जवळपास असते, म्हणून चाकाकडची अर्ध्या अंशाची ढिल फ्लँजवर अडीच अंश दिसते. तेवढी चालते.

पांदणवाला

खडू लावून पाहिलं. मागच्या शाफ्टचा पुढचा क्रॉस स्पष्ट ढिला, एका बाजूच्या कपातून (त्यात बेअरिंगच्या सुया असतात) लाल भुकटी बाहेर. पिनियन फ्लँज वर-खाली अगदी बारीक हलतो. क्लचची रिव्हर्स परीक्षा पास.

वऱ्हाडी_ग्रीस

लाल भुकटी म्हणजे सुया कोरड्या चालून गंजल्या. दोन्हीकडचे क्रॉस बदलून टाका, एक नवा अन् एक जुना ठेवला तं जुना लवकरच ठोका देते.

शाफ्ट खोलायच्या आधी स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पंचनं समोरासमोर टिंब मारजा. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत पाह्यजे. एक दात जरी इकडं-तिकडं बसला, तं गाडी ठरावीक वेगाले थरथरते अन् माणूस चाकाचं बॅलन्सिंग करत बसते.

लॉक काढा, एक लहान गोटी कपावर अन् दुसऱ्या बाजूनं कप मावंल एवढी मोठी गोटी ठेवा, व्हाइसमधी दाबा. व्हाइस नसंल तं ऐरणीवर. नवा कप बसवताना आतल्या सुया ग्रीसनं कडेले चिकटवून ठेवा. एक सुई आडवी होऊन तळाले पडली का कप पुरा आत जात नाई, लॉकची खाच दिसत नाई. तवा हातोडा हाणू नोका! कप काढा, सुई उभी करा, पुन्हा बसवा. दोन्ही लॉक बसले का योकच्या कानावर हातोडीचा हलका ठोका द्या, मंग क्रॉस मोकळा फिरते.

निपल अशा बाजूले ठेवजा का ग्रीस गन पोचंल. लिथियम ईपी-२ ग्रीस, चारही सीलमधून बाहेर दिसेपर्यंत. पिनियनकडं यू-बोल्ट असतीन तं लहान रिंग पान्यानं बेतानंच, २० न्यूटन मीटरच्या आसपास. जास्त आवळले तं कप चपटे होतात.

धुऱ्यावरून

मला तेलाचं विचारायचं आहे. गिअरबॉक्सचं तेल खाली जातं आणि जमिनीवर थेंब नाहीत, असं कसं?

गोटीपाना

ट्रान्सफर केसचा लेव्हल प्लग उघडला की कळेल. या मांडणीत गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट सरळ ट्रान्सफर केसमध्ये जातो. मधलं सील किंवा मागचं बेअरिंग झिजलं की तेल एका पेटीतून दुसरीत जातं. इकडे पातळी खाली, तिकडे भोकातून ओसंडून. जास्तीचं तेल मग मागच्या शाफ्टच्या सीलवर चढतं आणि हॅन्डब्रेकच्या लायनिंगवर येतं. पांदणवाला भाऊ, तुमचा ओला ड्रम आणि घटणारं तेल हे एकच दुखणं असण्याची शक्यता मोठी आहे. नुसतं मागचं सील बदललं तर महिन्याभरात पुन्हा तेच.

तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडून पाहा. तो जाम असेल आणि तुम्ही खालचा आधी काढलात तर गाडी रिकाम्या पेटीने तिथेच उभी. जाम प्लगवर डिझेल आणि थोडं तेल मिसळून रात्रभर ठेवा, सकाळी नीट बसणारी गोटी लावून एक झटका. चौकोनी डोक्याच्या प्लगला पाइप पाना लावून कोपरे खाऊ नका.

कोणतं तेल: गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा आहेत, तिथे जीएल-४ दर्जाचं ९० किंवा ८०डब्ल्यू-९०. डिफ्रन्शियलमध्ये हायपॉइड दात, तिथे जीएल-५. दुकानदार "ईपी ९० एकच असतं" म्हणेल, डब्याच्या मागे दर्जा वाचा. जीएल-५ मधलं जास्तीचं गंधकयुक्त रसायन पितळेला मानवेलच असं नाही, शिवाय तेल जास्त निसरडं असल्याने रिंग पकड घेत नाही आणि गिअर किरकिरतो. ट्रान्सफर केसला गिअरबॉक्सचंच तेल द्या, दोन्ही शेजारी आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, ९० पेक्षा पातळ तेलाचा मोह नको. दोन पेट्या आणि दोन ऍक्सल मिळून ६ लिटर आणून ठेवा. मोजून ओतायचं नाही, गाडी सपाट ठेवून भोकाच्या खालच्या कडेला टेकेपर्यंत भरायचं.

पांदणवाला

बरोबर निघालं. ट्रान्सफर केसचा लेव्हल प्लग काढताच पाव लिटरवर तेल आपोआप आलं. म्हणजे पेटी उतरवणं आलंच. तिसऱ्या गिअरचं त्यातच पाहू का?

गोटीपाना

हो, पण उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहा. पाय काढल्यावरच सटकतो, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा गठ्ठा त्या क्षणी पुढे-मागे झुलत असेल. माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर लिव्हर फ्लोअर प्लेटच्या कडेला अडतो आणि गिअर ओढून काढतो. तिसऱ्या गिअरवर लिव्हरभोवती सगळीकडे बोटभर जागा आहे का ते बघा. मग बेल हाउसिंगचे (क्लचवरचं, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच) बोल्ट. ते ढिले असतील तर क्लच शाफ्ट वाकड्यात चालतो.

हे ठीक असेल तर दोष आत: शिफ्ट रेलवरची (लिव्हरने सरकणारा दांडा) गोळी-स्प्रिंग, झिजलेला फोर्क (गिअर सरकवणारा काटा), नाहीतर गिअरचे डॉग दात (स्लीव्हला पकडणारे बाजूचे दात). गोळी-स्प्रिंग काही पेट्यांत वरचं कव्हर काढूनच दिसते, त्यासाठी पेटी उतरवावी लागत नाही. स्प्रिंग नव्याशी उंचीला जुळवा. रेलची खाच गोलसर झाली असेल तर नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही.

उतरवण्याचा क्रम: बॅटरीची वायर, फ्लोअर प्लेट, लिव्हर, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, स्पीडोमीटर केबल, हॅन्डब्रेकची जोडणी, क्लचची जोडणी. इंजिनच्या मागच्या भागाखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक लावा, मगच क्रॉस मेंबर (पेटी पेलणारी चासीची आडवी पट्टी) सोडा. चेन कप्पी दरवाजातून आडव्या टाकलेल्या मजबूत पाइपावरून लावता येते. त्या पाइपाची दोन्ही टोकं घोडीवर टेकवा, गाडीच्या पत्र्यावर नाही.

आधी ट्रान्सफर केस वेगळी करा, अर्धं वजन कमी होतं. मागचं छोटं कव्हर काढा, आत मेन शाफ्टच्या टोकावर स्प्लिट पिन आणि नट आहे, तो काढून गिअर ओढून घ्या. मग जोडणीचे बोल्ट. आता खरी मेख. केस मागे ओढताना मेन शाफ्टही तिच्याबरोबर मागे येऊ पाहतो. तो आला की गिअरबॉक्सच्या आत सिंक्रोचं सामान विखुरतं. शाफ्टच्या टोकाला तांब्याचा किंवा लाकडाचा तुकडा लावून एकाने तो पुढे दाबून धरायचा, दुसऱ्याने केस हलके ठोकत मागे घ्यायची.

गिअरबॉक्स मागे घेताना त्याचं वजन क्लच प्लेटच्या मध्यावर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. चढवतानाही तेच. पेटी शेवटचा एक इंच जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका. टॉप गिअर टाकून मागचा शाफ्ट हाताने थोडा फिरवा, दात जुळले की ती आपसूक सरकते. क्लच प्लेट मध्यावर बसवायला जुना क्लच शाफ्ट उत्तम, नसेल तर बाभळीचा दांडा लेथवर करून घ्या: पुढचं टोक पायलट बेअरिंगच्या मापाचं, मागचं प्लेटच्या हबच्या.

धुऱ्यावरून

पायलट बुश काढायला पुलर नसेल तर भोकात ओल्या वर्तमानपत्राचा लगदा ठासून भरा आणि भोकात घट्ट बसणारा गुळगुळीत रॉड ठोका. लगदा मागून बुश बाहेर ढकलतो. नंतर आतला सगळा कागद काढायला विसरू नका.

शिम_पाव_मिमी

ट्रान्सफर केस उघडलीच आहे तर मधल्या गिअरकडे लक्ष द्या. तो सुट्या सुयांवर फिरतो आणि दोन्ही बाजूंना थ्रस्ट वॉशर असतात. वॉशर चाटले गेले की गिअर मागे-पुढे सरकतो आणि केस भुणभुणते. सुया मोजून काढा आणि तेवढ्याच परत घाला. एक नवी, बाकी जुन्या असं करू नका, पूर्ण संच बदला. बसवताना शाफ्टच्या जाडीचा, गिअरच्या लांबीचा पाइपाचा तुकडा आत ठेवून सुया ग्रीसने लावा, मग खरा शाफ्ट ठोकत तो तुकडा बाहेर ढकला. शाफ्टचं भोक मागून गळतं, तिथे नवा ओ-रिंग किंवा सीलंट हवं.

आउटपुट शाफ्टची मागे-पुढे चाल ०.१० ते ०.२० मिमी. ती मागच्या हाउसिंगखालच्या शिमांनी (मापाच्या पातळ चकत्या) जमते, म्हणून तिथे सिलिकॉनचा जाड थर देऊ नका, थराने शिमचं माप बिघडतं. हीच गोष्ट गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंग कव्हरची. जुन्या गॅस्केटची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा कागद कापा.

दोन शिफ्ट रेलच्या मध्ये एक छोटी लांबट गोळी असते. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो गिअर पडू न देणं हे तिचं काम. रेल ओढली की ती टपकन पडते आणि कचऱ्यात जाते. खाली पांढरं कापड अंथरूनच रेल काढा.

बेअरिंग नंबर पाहून घ्या, "५४० चं द्या" असं सांगून नको. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की शाफ्टचं माप येतं: ६२०७ म्हणजे ३५ मिमी. (०४ पासून पुढे हे लागू.) बसवताना जुन्या डब्यात तेल घेऊन बेअरिंग तारेवर टांगून तापवा, १०० अंशांच्या आसपास, तळाला टेकू न देता. ज्योतीवर धरलं तर कडकपणा जातो.

सिंक्रो रिंग: गिअरच्या कोनवर हाताने दाबून फिरवा, पकडली पाहिजे. दाबलेल्या स्थितीत रिंग आणि डॉग दातांमधली फट फीलरने मोजा. ०.५ मिमीच्या खाली असेल तर रिंग संपली.

पांदणवाला

तिसऱ्याच्या डॉग दातांची टोकं एका बाजूने गोल, फोर्कही एका बाजूने खाल्लेला. गिअर, स्लीव्ह, फोर्क तिन्ही घेतो. आता डिफ्रन्शियल. फ्लँज बारीक हलतो, हुंकारही तिथलाच. पूर्ण खोलावं का?

शिम_पाव_मिमी

कव्हर काढून आधी तेल पाहा. राखाडी मऊ लगदा चुंबकाला लागला तर ती नेहमीची झीज. चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा असेल तर खोलणं भाग आहे. तेल दुधाळ असेल तर नाल्याचं पाणी ब्रीदरमधून (ऍक्सलचं हवा जायचं भोक) आत गेलंय, ब्रीदरला रबरी नळी जोडून वर बॉडीपर्यंत न्या.

दात चांगले असतील तर क्राउन-पिनियनची (मोठा चकतीसारखा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) जोडी बदलू नका. जुनी जोडी एकमेकांत मुरलेली असते. फक्त बेअरिंगं बदला आणि शिमा होत्या त्याच जागी तशाच परत घाला. बाजूच्या बेअरिंगच्या टोप्यांवर उजवी-डावी खूण करा, त्या अदलाबदल चालत नाहीत.

पिनियनला क्रश स्लीव्ह (आवळल्यावर दबणारी नळी) नसून शिम असतील, म्हणजे डॅना ४४ जातीच्या ऍक्सलची मांडणी, तर नट पूर्ण आवळायचा: सुमारे २७० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर एक मीटर नळीच्या टोकाला साडेसत्तावीस किलो वजन. मग घट्टपणा मोजा, तोही सील आणि क्राउन बसवण्याआधी. नव्या बेअरिंगला २.३ ते ४.५ न्यूटन मीटर हवा. फ्लँजचा व्यास १० सेमी असेल तर त्याभोवती दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढा: फिरत असताना काटा साधारण ५ ते ९ किलो दाखवेल. सुरुवातीचा झटका मोजू नका. जास्त घट्ट असेल तर शिम वाढवा, ढिलं असेल तर कमी करा.

क्राउनची ढिल डायल गेजने, दातावर, तीन-चार ठिकाणी: ०.१३ ते ०.२३ मिमी. एका बाजूची शिम काढली तर तेवढीच दुसऱ्या बाजूला घाला, म्हणजे बेअरिंगचा ताण तसाच राहतो.

शेवटी ठसा. शेंदूर गिअर ऑइलमध्ये घोटून आठ-दहा दातांवर लावा, क्राउनला लाकडाने थोडा अडसर देऊन दोन्हीकडे फिरवा. ठसा दाताच्या मधोमध यावा. बाहेरच्या टाचेकडे सरकला तर क्राउन पिनियनजवळ आणा, आतल्या चवड्याकडे असेल तर दूर न्या. दाताच्या शेंड्यावर असेल तर पिनियन आत घ्या, मुळाशी असेल तर बाहेर. पिनियनची हालचाल ०.०५ मिमीच्या पावलानेच करा. शेंदूर शिशाचा असतो: हात धुतल्याशिवाय खायचं नाही आणि लहान मुलांपासून डबी लांब.

वऱ्हाडी_ग्रीस

हबले निमुळता ऍक्सल अन् चावी असंल तं पुलर लावूनच काढजा. ड्रमच्या कडेवर हातोडा हाणला तं ड्रम वाकते, अन् धक्का ऍक्सलच्या बेअरिंगले जाते. अन् बसवताना निमुळत्या भागाले ग्रीस लावू नोका, कोरडाच ठेवजा.

पांदणवाला

सगळं जोडलं. तेल भरलं. चालवण्याआधी काही?

गोटीपाना

चारही चाकं घोडीवर, इंजिन आयडलला, प्रत्येक गिअर एक मिनिट. मग २० किलोमीटर रिकामी गाडी, उतरून पिनियनजवळच्या हाउसिंगला हात लावा. गरम असावं, पण हात टेकवून ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर पिनियन जास्त घट्ट आहे, पुढे चालवू नका. १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, क्रॉस मेंबर, बेल हाउसिंगचे बोल्ट पुन्हा तपासा. आठवडाभराने दोन्ही पेट्यांचे लेव्हल प्लग एकाच वेळी उघडा: एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त दिसलं तर मधलं सील नीट बसलेलं नाही. ५०० किलोमीटरला पहिलं तेल बदला, घासलेलं सगळं त्यात निघून येतं. काढलेलं तेल नाल्यात किंवा धुऱ्यावर नाही, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

आणि फोर बाय फोर फक्त चिखलात. डांबरावर पुढची-मागची चाकं वळणात वेगळी धावतात, मधला ताण सुटायला जागा मिळत नाही आणि लिव्हर जाम होतो. जाम झाला तर जोर लावू नका, गाडी सरळ ठेवून चार-पाच फूट रिव्हर्स घ्या, मोकळा होतो. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे ठेवा, नाहीतर हाच ताण सरळ रस्त्यावरही राहील.

पांदणवाला

२० किलोमीटर झाले. ठोका गेला, उतारावर तिसरा गिअर टिकतो. पिनियन कोमट. हुंकार ४० ला नाही, ५५ च्या पुढे अगदी बारीक.

शिम_पाव_मिमी

पाय काढल्यावर येतो की दाबल्यावर?

पांदणवाला

फक्त पाय काढल्यावर.

शिम_पाव_मिमी

मग आत्ता खोलू नका. जुनी जोडी आणि नवी बेअरिंगं, थोडा सूर राहतो. ५०० च्या तेलबदलीला कव्हर काढाल तेव्हा पुन्हा शेंदूर लावा आणि दाताची मागची बाजू बघा, म्हणजे पाय काढल्यावर ज्या बाजूवर भार येतो ती. ठसा मधोमध असेल तर तसंच ठेवा. चवड्याच्या अगदी टोकाला गेला असेल तर फोटो टाका, शिमचं माप इथेच ठरवू.